पुस्तक एकच, पेपर एकच. संधी मात्र एक नाही

दहावीचा निकाल लागला की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: शाळा गावोगावी आहेत, पुस्तक एकच, पेपर एकच, तरी मागे राहतो तो आपल्या आळसाने, जात आणि गरिबीची रडगाणी आता पुरे. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत शिक्षकही असतात, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायलाच हवं.

‘पुस्तक एकच.’ खरं आहे, पण ते वाचायला लागणारी भाषा सगळ्यांच्या घरात एक नाही. सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातलं मूल सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठीतून नाहीतर कोकणीतून शिकतं. पाचवीत गेलं की बहुतेक हायस्कुलांत विज्ञान, गणित सगळं इंग्रजीतून. कुळागरात, म्हणजे पोफळी-मिरीच्या बागेत, वाढलेली मुलगी ‘फोटोसिंथेसिस’ म्हणताना अडखळते. पण कुठल्या पोफळीवर रोग पडलाय, मिरवेलीला सावली किती लागते, हे ती झाडाकडे बघून सांगते. त्या ज्ञानाला पेपरात एक मार्क नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे घरी इंग्रजी वर्तमानपत्र येतं, आई-वडील दोघेही पदवीधर. तो पहिल्याच दिवशी हात वर करतो आणि ‘हुशार’ ठरतो.

पिअर बोर्द्यू आणि झां-क्लोद पासरों या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी 1964 पासून हेच मांडलं. शाळा जे स्वतः नीट शिकवत नाही, तेच मुलाकडून मागते: बोलण्याची ढब, पुस्तकांची सवय, मोठ्या माणसांसमोर न बुजणं. बोर्द्यूने याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. ते घरातून आपसूक मिळतं, म्हणून ते मिळालंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. लोक त्याला अंगची गुणवत्ता समजतात.

पालकसभेत हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. एक बाप खुर्ची ओढून बसतो, पेपर पुन्हा तपासून घ्यायचा अर्ज कधी करायचा ते विचारतो, मुलाला पुढचा बाक मागतो. दुसरा दाराशी उभा राहतो, ‘बाई, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतो आणि सही करून कामावर जातो. दोघांचं मुलावरचं प्रेम सारखंच. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ अ‍ॅनेट लारो यांनी कुटुंबांत वावरून 2003 मध्ये नेमका हाच फरक नोंदवला.

‘भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगावी शाळा काढल्या, प्रश्न तिथेच मिटला.’ गोव्याचे पहिले मुख्यमंत्री असलेल्या भाऊंचं ते ऋण कुणीही नाकारू नये. 1963 नंतर त्या शाळांमुळेच बहुजनांच्या कित्येक घरांत पहिल्यांदा पाटी आली. पण जमीन कसणाऱ्या कुळांसाठी 1964 चा कायदा झाला, भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकारांसाठी 1975 चा. भाटकाराच्या घरातली पुस्तकं आणि ओळखीपाळखी कुठला कायदा वाटून देणार? माध्यमावरून आपण 1990 मध्ये भांडलो, 2011 मध्ये पुन्हा भांडलो. दोन्ही वेळा भांडण अनुदान कुठल्या भाषेच्या शाळांना द्यायचं याचं होतं. पाचवीत गप्प होणारं मूल त्यात कुणाला दिसलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘अमक्या गरिबाचा पोर डॉक्टर झालाच ना?’ झाला, आणि त्याचा अभिमानच आहे. खुद्द बोर्द्यूही खेड्यातल्या पोस्टातल्या कर्मचाऱ्याचा मुलगा होता. कुणीतरी वर पोचतो, यावरून वाट सगळ्यांना सारखी आहे असं सिद्ध होत नाही. उरला आळस. अभ्यासक पॉल विलिस यांनी इंग्लंडमधल्या कामगारांच्या मुलांवरचा अभ्यास 1977 मध्ये मांडला. ती पोरं शाळेला जुमानत नव्हती, कारण ही शाळा आपल्यासाठी नाही हे त्यांनी केव्हाच ताडलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला तो फक्त उनाडपणा वाटतो.

शेवटचा आक्षेप: ‘ही परक्यांची थिअरी, इथे कशाला?’ जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. कर भरतो शेतकरी आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे, हे त्यांनी सरकारला स्पष्ट सुनावलं. त्यांची आणखी एक मागणी होती, ती फारशी सांगितली जात नाही: प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, म्हणजे ते त्या लोकांत मोकळेपणाने मिसळतील. मूल शाळेत का बुजतं, हे फुल्यांनी बोर्द्यूच्या जन्माआधी 48 वर्षं ओळखलं होतं.