मखरातले मासे

पाण्याला वजन असतं हे आमच्या गावात कुणालाच पटत नाही. विहिरीवरून कळशा वाहून ज्यांच्या कमरा गेल्या त्यांनाही नाही. काचेच्या टाकीत भरलं की पाणी हलकं होतं, अशी माशेलमध्ये सर्वांची समजूत असावी.

माझी माशांची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. तिला खाली लाकडी स्टँड आणि वर दिवे लपवणारी कॅनोपी हवी होती. तयार लोखंडी स्टँड मिळत होते, पण गोव्याच्या पावसात लोखंडाचं काय होतं ते आमचं फाटक रोज करकरत सांगतं. म्हणून लाकूड आणि म्हणून मेस्त, म्हणजे आमचा सुतार.

मी त्याला गणित मांडून दाखवलं. नऊ घनफूट टाकी, एका घनफुटात सुमारे २८ लिटर, म्हणजे अडीचशे किलो नुसतं पाणी. वर काच, वाळू, दगड. सगळं मिळून साडेतीनशे किलो. तीन स्कूटर एकावर एक रचल्या तरी इतकं वजन व्हायचं नाही. मेस्ताने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाब खंय?"

बाब आले, म्हणजे माझा नवरा. त्यांना मासे फक्त ताटात ओळखता येतात. ते म्हणाले, "मजबूत करा." मेस्ताने मान डोलावली. आता कुठे त्याला मुद्दा कळला होता.

मग लाकडावरून परिषद भरली. शेजारच्या काकांनी माटी सुचवली. माटी हा गोव्याचा राज्यवृक्ष आहे, हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की दुसरं लाकूड वापरलं तर राजद्रोहाचा खटलाच व्हावा. सासूबाईंचं मत फणसाला, कारण त्यांच्या माहेरचा देव्हारा फणसाचा. शेवटी जुन्या घराचे सागवानी वासे माळ्यावर पडून होते, ते चौकटीला काढले. आयुष्यभर पाऊस पाहिलेलं लाकूड आता नव्याने फारसं फुगायचं नाही, हा माझा हिशेब. फळ्यांसाठी मरीन प्लाय आणला, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून. हा प्लाय ७२ तास पाण्यात उकळून तपासतात, असं मी कौतुकाने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "का? मासे त्यातच शिजवायचे आहेत?"

इथवर सगळं वेगात झालं. पुढे मेस्त नाहीसा झाला.

त्याचा हात उत्तम, याबद्दल वाद नाही. पण तो उत्सवी नाटकांतला नट आहे, आणि गोव्यात देवळं भरपूर, उत्सव त्याहून भरपूर. रात्री मंडपात तो बादशहा असतो, त्यामुळे दिवसा त्याला झोप लागते. एरवी आमच्याशी कोकणीत बोलणारा हा माणूस सबब मात्र रंगभूमीच्या मराठीत सांगतो. "फाल्यां सकाळीं येतां", म्हणजे उद्या सकाळी येतो, असं म्हणाला, तर दुपारपर्यंत वाट बघण्यात अर्थ असतो. "उद्या सूर्योदयाबरोबर आम्ही जातीने हजर होऊ" असं म्हणाला, की मी खुशाल म्हापशाच्या बाजाराला निघते. नाटकं संपली तर पाऊस आला. ओल्या हवेत पॉलिश वाळत नाही, हे त्याचं म्हणणं खरंच होतं, त्यामुळे अधिकच राग आला. पाऊस ओसरतो तोवर चतुर्थी. अख्ख्या वाड्याच्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळंफुलं टांगायच्या, चौकटी दुरुस्त करायच्या असताना माझ्या माशांची तक्रार कोण ऐकणार?

नवरात्राच्या तोंडावर टेम्पोतून माल आला. स्टँड दणकट होता. पण कॅनोपी बघून सासूबाईंनी हात जोडले.

चार खांब, मधे कमान, कमानीवर दोन पोपट, मधोमध कमळ. मेस्ताने अभिमानाने वरचं भोक दाखवलं, कळस बसवण्यासाठी. पुढचा भाग पूर्ण बंद, खाणं घालायला हात शिरायला जागा नाही. मागची बाजूही बंद, म्हणजे फिल्टरचे पाईप बाहेर येणार कुठून आणि दिव्यांची उष्णता जाणार कुठून? मी मागची फळी कापायला सांगितली. तो कळवळून म्हणाला, "बाय, देवाक फाटल्यान कोण पळयता?" म्हणजे देवाला पाठीमागून बघतंय कोण?

पुढच्या बाजूला बिजागरीचं झाकण लावायचं ठरलं, पितळी बिजागरीचं, कारण आतली वाफ लोखंड खाते. ते झाकण पोपटांच्या बरोबर मधून उघडतं. एक पोपट वर जातो, एक खालीच राहतो.

मग टाकी ठेवायची वेळ आली. आमच्या जुन्या घराची जमीन दाराकडे उतरती आहे, धुतलेलं पाणी आपोआप बाहेर जावं म्हणून. मेस्ताने एक डोळा मिटून बघितलं. "बरोबर आसा." मी लेव्हल लाव म्हटलं, तर त्याचा अपमान झाला. "कांय जावंचें ना," म्हणजे काही होणार नाही. मी वाद घातला नाही, टाकीत निम्मं पाणी भरलं. पाणी कुणाची भीड ठेवत नाही. डावीकडे ते काचेवर बोटभर वर चढलं होतं, उजवीकडे तितकंच खाली. असा तिरका भार राहिला की एखाद्या कोपऱ्यावर ताण येतो आणि सिलिकॉनचा सांधा कधीतरी मध्यरात्री सुटतो. हे सगळं मी सांगून झाल्यावर बाब आतून आले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "वाकडं दिसतंय."

"होय तर!" मेस्त म्हणाला आणि लगेच पाचरी तासायला बसला.

बादल्यांनी पाणी उपसलं मी. पायांखाली पाचरी बसल्या, काचेखाली थर्माकोलचा ताव आला, पाणी सरळ झालं. मासे सोडले. आलेली प्रत्येक बाई आधी कमळ बघते, मग मासे. एका वहिनींनी तर जास्वंद वाहिली, ती मी फिल्टरमध्ये जायच्या आत काढली.

शेवटचे पैसे घ्यायला मेस्त आला तेव्हा बराच वेळ कॅनोपीकडे बघत उभा राहिला. मग घसा साफ करून, शुद्ध मराठीत, माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाला, "महाराज, एक विनंती आहे. दरबाराच्या प्रवेशाला सिंहासनावर असंच काहीतरी हवं होतं. फक्त उत्सवापुरतं."

"न्या की," बाब म्हणाले.

टाकीवर सध्या मच्छरदाणी आहे. मासे उड्या मारतात.