चौथ्या दिवशी इंजेक्शन ‘फुकट’ ठरत नाही

नमस्कार. आमच्याकडून नाराज होऊन गेलात, याबद्दल दिलगीर आहे. आपल्या तपासणीचं आणि रिपोर्टचं मी इथे काही लिहिणार नाही. आपण स्वतः जे लिहिलंत, तेवढ्यालाच उत्तर देतो.

आपण अभिप्रायात लिहिलंत की अर्ध्या चेहऱ्याच्या झटक्यांसाठी घेतलेलं बोटॉक्स (स्नायू ढिला करणारं इंजेक्शन) फुकट गेलं, चौथ्या दिवशीही डोळा फडफडतच होता, परत आलात तर दुसरं इंजेक्शन द्यायला मी नकार दिला, आणि गिऱ्हाईक बांधून ठेवायचं म्हणून ऑपरेशनचं सांगितलं नाही.

तो चौथा दिवस मला फार लागला. हे औषध टोचल्याबरोबर काम करत नाही. नस स्नायूला जो निरोप देते, त्यासाठी लागणारं रसायन सुटणं ते हळूहळू थांबवतं. कुणाला तिसऱ्या दिवशी फरक वाटतो, कुणाला आठवडा लागतो. पूर्ण परिणाम बघायला साधारण दोन आठवडे द्यावे लागतात. वरच्या पापणीत सुई घालताना मधला भाग मी मुद्दाम सोडतो, कडेला थेंबभरच औषध देतो, कारण पापणी उचलणारा स्नायू ढिला पडला तर डोळा उघडत नाही. पहिला डोस अजून चढत असताना त्यावर दुसरा दिला असता आणि पापणी उतरली असती, तर आपण काय लिहिलं असतं? शिवाय लवकर लवकर टोचलं तर शरीर औषधाला विरोध करायला लागण्याची भीती असते, म्हणून दोन वेळांत सहसा तीन महिने तरी सोडतात. नकार दिला तो एवढ्यासाठी.

औषध तीन-चार महिन्यांत उतरतं. तो त्याचा गुण आहे, माझी युक्ती नाही. आपण लिहिलंत तसं काही वाचलं की नवा रुग्ण फोनसुद्धा करत नाही, आणि आमचं सगळं त्यावरच चालतं.

ऑपरेशनबद्दल. अर्ध्या चेहऱ्याचे झटके बहुतेक वेळा मेंदूच्या बुंध्याशी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर दाबल्यामुळे येतात. कानामागून कवटी उघडून दोघींच्या मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. दहातल्या आठ-नऊ जणांचे झटके त्यानं थांबतात, काहींचे लगेच, काहींचे कित्येक महिन्यांनी. पण त्या बाजूचं ऐकू येणं कमी होण्याचा धोका असतो, चेहरा कमजोर होण्याचाही. हे सगळं संमतीपत्रात आहे आणि मी तोंडीही सांगतो. त्या वेळी आपण फोनवर बोलत होतात. हे लिहायला बरं वाटत नाही, पण ‘सांगितलंच नाही’ हे मला मान्य नाही.

इंजेक्शनचा परिणाम किती दिवसांनी दिसतो, ती माहिती घरी न्यायच्या कागदावर ठळक छापायचं बघतो आहोत, स्टाफलाही सांगितलं आहे.

दोन आठवडे झाले की कृपया दाखवायला या. ऑपरेशनबद्दल मत घ्यायचं असेल तर न्यूरोसर्जनसाठी चिठ्ठी मीच देईन. मग जे वाटेल ते लिहा, मी तेही वाचेन.