पत्रकार पोस्टमन नसतो

भाचीने काल रात्री एक मेसेज पाठवला. खाली लिहिलं होतं, "मावशी, अगदी पटलं. तिघा मैत्रिणींनाही पाठवला." ती पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून गप्प बसवत नाही. मेसेजमधले दावे असे: टीव्हीचा पत्रकार पोस्टमन आहे, विश्वासू सूत्राने दिलेलं तो पोहोचवतो, खरंखोटं प्रेक्षकाने ठरवावं. ब्रेकिंगमध्ये पडताळायला वेळ नसतो. नाव घेतलं नाही तर कुणाचं नुकसान नाही. पडताळणी मागणं म्हणजे सूत्र उघडं पाडणं. आणि चुकलंच तर दुरुस्ती दाखवता येते.

वेळेचं आधी संपवते. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये दोन हजारांची नवी नोट आली आणि तिच्यात जीपीएसची चिप असल्याचं काही वाहिन्यांनी सांगितलं. रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबरच्याच पत्रकात नोटेची वैशिष्ट्यं एकेक करून दिली होती. त्यात चिप नव्हती. ते पत्रक वाचायला पाच मिनिटं पुरली असती.

पोस्टमन पाकीट फोडत नाही. आपण पत्रकार ते फोडतो, आतलं एकच वाक्य उचलतो, पडद्यावरच्या लाल पट्टीवर चढवतो आणि दिवसभर फिरवतो.

पण खरा घातक शब्द आहे 'विश्वासू'. सूत्र प्रामाणिक असलं की काम संपलं, हा समज बातम्यांच्या डेस्कवर मी वर्षानुवर्षं पाहिलाय. २ नोव्हेंबर २०१२ ला बीबीसीच्या 'न्यूजनाइट'ने वेल्समधल्या बालगृहात लहानपणी अत्याचार सोसलेल्या एका माणसाची मुलाखत दाखवली. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या काळातल्या एका बड्या राजकारण्याने अत्याचार केले, असं तो म्हणाला. कार्यक्रमात नाव नव्हतं, पण सोशल मीडियावर लोकांनी ते लावलंच: थॅचर यांच्या पक्षाचे माजी खजिनदार लॉर्ड मॅकआल्पाइन. आठवड्याभरात त्या माणसाने मॅकआल्पाइन यांचा फोटो पाहिला आणि सांगितलं, हा तो नव्हे. त्याने जाहीर माफीही मागितली. तो खोटं बोलत नव्हता, त्याच्यावर अत्याचार झालेच होते. ओळख पटवण्यात चूक झाली होती. प्रक्षेपणाआधी त्याला हा फोटो कुणी दाखवला नव्हता. मॅकआल्पाइन यांना फोन करून त्यांचं म्हणणंही घेतलं नव्हतं. एक फोटो आणि एक फोन, एवढंच करायचं राहिलं होतं!

बीबीसीचे महासंचालक जॉर्ज एन्टविसल यांना ५४ दिवसांत पद सोडावं लागलं आणि बीबीसीने मॅकआल्पाइन यांना १,८५,००० पौंड भरपाई दिली. सगळ्यात वाईट वाटतं ते त्या पीडिताचं. पडताळणी त्याच्यासाठीही होती. ती झाली असती तर इतक्या वर्षांनी धीर करून बोललेल्या माणसावर माफी मागायची वेळ आली नसती. नाव न घेतल्याने नुकसान होत नाही, या दाव्याचं उत्तरही यातच आलं.

सूत्राच्या गुप्ततेचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. सूत्राचं नाव पडद्यावर येऊ नये, कधीकधी त्याच्या जिवाचा प्रश्न असतो. पण सूत्र कोण हे संपादकाला माहीत असायला हवं, आणि त्याने सांगितलेली गोष्ट त्याचं नाव न घेता दुसरीकडून तपासता येते. कागद, दुसरा साक्षीदार, ज्याच्यावर आरोप आहे तो, यांपैकी कुणालाही विचारताना पहिल्या सूत्राचा उल्लेख करावा लागत नाही.

राहिली दुरुस्ती. २००७ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या एका शिक्षिकेवर 'लाइव्ह इंडिया'ने स्टिंग दाखवलं: ती विद्यार्थिनींना वेश्याव्यवसायाला लावते. जमावाने तिला मारहाण केली, कपडे फाडले, नोकरी गेली. नंतर स्टिंग बनावट निघालं आणि वाहिनी महिनाभर बंद ठेवली गेली. दुरुस्ती पोहोचेपर्यंत जमाव तिच्यापर्यंत पोहोचला होता.

तो मेसेज ज्या तिघींना पाठवलास, त्यांना हेही पाठव. आजच.