सूर सोडलाय, सुटलेला नाही

काका, नमस्कार.

शोनबर्ग या संगीतकाराच्या ‘पिएरो ल्युनेर’वर, म्हणजे एक गायिका आणि पाच वादकांसाठी रचलेल्या जर्मन गीतमालेवर, मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही लिहिलंय की बाई गात नाहीत, किंचाळतात, पाच वादक नुसता गोंगाट करतात, आणि मुंबईच्या एनसीपीए सभागृहात बसणारी मंडळी असल्याला टाळ्या देतात, कारण न देणारा अडाणी ठरतो. टाळ्यांवरून भांडत नाही. समेच्या आधीच मान हलवणारे दादरच्या मैफलीतही असतात.

सुराचं मात्र ऐका. शोनबर्गनं १९१२ साली गायिकेचा प्रत्येक सूर नोटेशनमध्ये लिहिला आणि नोटेच्या दांडीवर फुली मारली. प्रस्तावनेत बजावलं की गाताना सूर धरून ठेवतात, इथे त्याला नुसता स्पर्श करायचा आणि लगेच वर किंवा खाली सरकत तो सोडायचा. लय मात्र लिहिली आहे तशीच. गायचं नाही, आणि रोजच्यासारखं बोलायचंही नाही. तुमच्या कानाला खटकलं ते बरोबरच, पण त्याचं खापर बाईंच्या गळ्यावर फोडू नका.

‘आमचे कीर्तनकारही बोलता बोलता गातात, पण सुरात,’ असं तुम्ही म्हणता. खरंय. पण बुवा निरूपण संपवून अभंगाला हात घालतात तेव्हा पेटीचा सूर त्यांची वाट बघत असतो. मींडसुद्धा शेवटी कुठल्यातरी सुरावर जाऊन टेकते. इथे टेकायला षड्जच ठेवलेला नाही. पहिल्याच गाण्यात चंद्र रात्री ओततो ती दारू डोळ्यांनी प्यायची आहे. झिंगलेल्याला पायाखाली जमीन कशाला हवी?

आता गोंगाट. विरार लोकलमध्ये कानात इअरफोन घालून ऐकलंत, हे तुम्हीच लिहिलंय! सातव्या गाण्यात गायिकेसोबत फक्त एक बासरी आहे, ती गाडीच्या खडखडाटात काय ऐकू येणार? एकवीस गाण्यांत वाद्यांची जुळणी सतत बदलत राहते. अठराव्यात पिएरोला, म्हणजे या कवितांमधल्या विदूषकाला, आपल्या काळ्या कोटाच्या पाठीवर पांढरा डाग दिसतो. प्लास्टर समजून तो पहाटेपर्यंत घासत बसतो. असतो तो चंद्राचा कवडसा. तिथे निम्म्यावर पिकोलो (छोटी बासरी) व क्लॅरिनेट आणि व्हायोलिन व चेलो या दोन जोड्या मागे फिरतात आणि वाजवलेलं सगळं उलट्या क्रमानं वाजवत सुरुवातीपाशी येतात. पियानो आपला पुढेच चाललेला. एकदा घरी, पंखा बंद करून ऐका.

जर्मन कळत नाही, ही अडचण मलाही आहे. पण प्रत्येक कविता तेरा ओळींची आणि पहिली ओळ सातव्या व तेराव्या जागी परत येते. मुखडाच म्हणा ना. शब्द तेच येतात, चाल मात्र बहुधा निराळी. आपला कान तिथेच फसतो, आणि मजा तिथेच आहे.

तरी तुमची शंका अगदीच बिनबुडाची नाही. १९४०च्या ध्वनिमुद्रणात खुद्द शोनबर्ग संचालन करतोय आणि गायिका एरिका श्टीड्री-वाग्नर लिहिलेल्या सुरांपासून खुशाल दूर जातात. मग सूर इतके नेमके लिहिले कशाला, यावर जाणकारांत अजून वाद आहे.

तुम्ही ऐकलंत ते कुणाचं, एवढं कळवा. काही गायिका सरळ गाऊन मोकळ्या होतात, काही नाटकी विव्हळतात. दुसऱ्यांपैकी कुणी असेल, तर किंचाळण्याच्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूचा.