हात न धुता ‘प्रोफेशनल’ कसं व्हावं

प्लॅस्टिकच्या विमानाच्या किटचा, म्हणजे सुट्या भागांचा, डबा उघडल्यापासून तुमच्या जिवाला एकच घोर असेल, आपलं मॉडेल ‘प्रोफेशनल क्वालिटी’चं होईल का? होईल हो. त्यासाठी मॉडेल बनवता यावं लागतं असा एक जुनाट गैरसमज आहे, तो आधी डोक्यातून काढा. ‘प्रोफेशनल’ हा शब्द टाइप करता आला की निम्मं काम झालं. पुढे ‘म्युझियम ग्रेड’ जोडलंत की उरलेलं निम्मं. मग किंमत चौपट लावा आणि निवांत बसा.

हे ज्ञान मला अलीकडेच प्राप्त झालं. ओळखीतले एक गृहस्थ १/४८ मापाचं, बनवून तयार असलेलं पी-५१डी मस्टँग (दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान) घेऊन आले. विकणाऱ्याने वर्णनात हे दोन्ही शब्द लिहिले होते आणि पैसेही त्या शब्दांचेच घेतले होते. प्रवासात एक चाक निखळलं होतं. “तुम्ही हे छंदाचं करता ना, तेवढं चिकटवून द्या. दोन मिनिटांचं तर काम.” (हे वाक्य ऐकलं नाही असा मॉडेलवाला मला दाखवाच.) चाक बघायला म्हणून मी भिंग हातात घेतलं आणि पाहता पाहता एका थोर कलावंताच्या अख्ख्या साधनेचं दर्शन झालं. ती विद्या माझ्यापाशीच राहू नये म्हणून हा प्रपंच.

सुरुवात सांध्यांपासून. धडाचे दोन अर्धे चिकटवले की मधे रेघ राहते. ती पुट्टीने भरून, पॉलिशपेपरने घासून, पुन्हा भरून, पुन्हा घासून नाहीशी करण्यात लोक संध्याकाळी घालवतात. वेडे आहेत. तुम्ही ग्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा राखाडी थर, मारूच नका, म्हणजे झालं. प्रायमर हा अत्यंत चुगलखोर पदार्थ आहे. खाच, ओरखडा, भाग साच्यातून ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचा गोल डाग, काही म्हणून पोटात ठेवत नाही. वरून सरळ चंदेरी रंग मारा. चंदेरी रंग प्रायमरपेक्षाही जास्त चुगल्या करतो, पण ते माल पोचल्यावर कळतं.

कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, सुपरग्लूनेच चिकटवा. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते आणि आतून पांढरं धुकं धरतं. लगेच झाकण लावलंत, वारा लागू दिला नाहीत, तर आणखी छान. पोलिस वस्तूंवरचे बोटांचे ठसे उठवायला हीच वाफ वापरतात. या मस्टँगच्या कॅनोपीवर आतल्या बाजूने एका अंगठ्याचा ठसा इतका सुबक उठला होता की कारागिराची सही वेगळी शोधावी लागली नाही. साधा पांढरा गोंद किंवा पारदर्शक भागांसाठी मिळणारा गोंद वापरला असता तर ही सही मिळाली असती का?

वर्णनात ‘रेझिन सीट, फोटो-एच सीटबेल्ट’ असं मात्र ठळक लिहा. धुक्यातून ते वेगळे घेतलेले बारीक भाग दिसत नाहीत, हा तुमचा दोष नव्हे.

प्रोपेलरची पाती उलटी बसली तर बसू द्या. विमान कपाटातून कुठे जायचंय?

तिन्ही चाकं एकाच वेळी टेबलाला टेकली पाहिजेत, हा हट्टही सोडा.

आता या विद्येचा गाभा, वेदरिंग. नवशिक्या माणसाला वाटतं की वेदरिंग म्हणजे खरं विमान वापरून जसं दिसतं तसं दाखवणं. नाही. वेदरिंग म्हणजे कामातल्या चुकांवर घातलेलं पांघरूण. सांध्यातून गोंद बाहेर आला? त्यावर चिखल. रंगाचा ओघळ आला? तेलाची गळती. मास्किंग टेपखालून रंग शिरला? ‘रणभूमीवरची झीज’. आणि काहीच सुचलं नाही तर गंज लावा. या मस्टँगच्या पंखांवर गंज आहे. तपकिरी-नारिंगी, रिव्हेटच्या ओळींमधून मागे ओघळलेला अस्सल गंज. मस्टँगचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा होता. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडाचा गंज कुठून चढणार? शाळेत शिकलेलं रसायनशास्त्र निदान एवढ्यापुरतं तरी आठवायचं! भाजून रंग बदलतो तो एक्झॉस्टच्या नळकांड्यांचा. त्यांच्यामागे धडावर काजळी धरते, शिसं घातलेल्या पेट्रोलमुळे राखाडी पट्टे उठतात. ते दाखवायचं होतं. पण एक्झॉस्ट डब्यातून निघाले तसेच काळे कुळकुळीत, कारण ते मध्यावर सांधा नसलेले छोटे भाग, तिथे लपवण्यासारखं काहीच नव्हतं! पंखाकडे या. प्रत्येक पॅनल लाइन, म्हणजे दोन पत्र्यांमधली रेघ, पुन्हा कोरून खोल केली आहे आणि तिच्यात काळा वॉश, म्हणजे पातळ केलेला रंग, ओतला आहे. मी मापली, सुमारे ०.३ मिलिमीटर रुंद. गुणिले ४८ करा. खऱ्या विमानावर ही फट जवळपास दीड सेंटिमीटर भरते. लढाऊ विमानाच्या दोन पत्र्यांमधे बोट घालता येईल एवढी फट! आणि तीसुद्धा कुठे, तर मस्टँगच्या पंखाच्या पुढच्या भागावर. लॅमिनार, म्हणजे हवेच्या शांत, सलग प्रवाहासाठी आखलेल्या त्या पंखावर हवा विस्कटू नये म्हणून कारखान्यात तो भाग मुद्दाम पुट्टीने भरायचे, घासायचे आणि वर रंग द्यायचे. तिथले सांधे आणि रिव्हेट त्यात बुजायचे. म्हणजे कारखान्याने जे काम खऱ्या विमानावर केलं, ते नेमकं उलट फिरवायला या माणसाने वेळ काढला. धडाच्या वरचा सांधा घासायला मात्र वेळ मिळाला नाही. आणि रंग उडाल्याचे टवके? एकेक मिलिमीटरभर. म्हणजे खऱ्यावर पावणेपाच-पाच सेंटिमीटरचे, स्पंजने टिपटिप करून, जिथे कुणाचा पाय पडत नाही, कुणाचा हात लागत नाही तिथेही, सगळीकडे एकसारखे. विमानाला कांजिण्या झाल्यात.

बरं, जिथे ढिसाळपणाला खरोखर मुभा होती तिथे काय केलं? जून १९४४ मधे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरण्याआधी दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे घाईघाईने मारले गेले, पुष्कळ ठिकाणी ब्रशनेच, वाकडेतिकडे. एका पट्ट्याची रुंदी १८ इंच, म्हणजे १/४८ ला साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. इथे हात थोडा हलला असता तरी ऐतिहासिक ठरलं असतं. साहेबांनी डिकॅलचे, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील, पट्टे लावले, तेही खडबडीत पृष्ठभागावर. खाली हवा अडकली आणि कडेने चकचकीत चंदेरी पापुद्रा दिसतोय. आधी ग्लॉस कोट, म्हणजे चकचकीत थर, द्या, डिकॅल सॉफ्टनर लावा, हे सूचनापत्रांमधेसुद्धा लिहिलेलं असतं. पण सूचना हौशी लोकांसाठी असतात, नाही का.

फोटो काढताना दिवा मागे ठेवा, कॅमेरा वर धरा, समोरून एकही फोटो नको. समोरून पाहिलं की एक पंख जास्त वर गेलेला दिसतो, शेपूट कलंडलेली दिसते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

‘म्युझियम ग्रेड’ बिनधास्त लिहा. म्युझियमवाले मॉडेलकडे काय म्हणून बघतात, हे ग्राहकाला थोडंच ठाऊक असतं? ते बघतात की वस्तू पुढची कित्येक वर्षं टिकेल का. जहाजांच्या जुन्या मॉडेलमधले शिशाचे ओतीव भाग लाकडी पेटीतल्या आम्लाच्या वाफेने पांढरे पडतात, त्यांची भुकटी होते. शिशाचं कार्बोनेट होतं ते. म्हणून कुठला धातू, कुठला गोंद, पेटी कशाची, याची त्यांना काळजी. यात ‘चिपिंग (रंगाचे टवके) किती भारी केलंय’ हा प्रश्न कुठेच येत नाही.

आता पुरे. उपरोध करायचीही एक मर्यादा असते, आणि माझ्यापुढे ते विमान अजून एका बाजूला कलून उभं आहे.

‘प्रोफेशनल’ म्हणजे पैसे घेऊन काम करणारा, एवढंच. सिनेमासाठी मॉडेलं बनवणारे कारागीर रणगाड्यांच्या किटचे भाग अवकाशयानांवर चिकटवत आले आणि कॅमेऱ्याला न दिसणारी बाजू अनेकदा तशीच सोडत आले. ती लबाडी नव्हती. कुठून, किती अंतरावरून दिसणार, हे ठरलेलं होतं आणि तेवढं त्यांनी चोख दिलं. १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून ५,००,००० विमानांची मॉडेलं मागवली, सैनिकांना विमानं ओळखायला शिकवण्यासाठी. माप १/७२, कारण ३५ फुटांवरून पाहिलं की ते अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानासारखं दिसतं. रंग सगळा काळा. रिव्हेट नाही, वॉश नाही, गंज नाही. आकार मात्र बरोबर हवा, कारण आकार चुकला तर कुणीतरी आपल्याच विमानावर गोळी झाडायची. पोरांनी ते फुकट केलं. आणि तुम्ही पैसे घेऊन पंख वाकडा देता?

स्पर्धेतले परीक्षकही आधी हेच बघतात, सांधे, सरळपणा, गोंदाचे डाग. रंगाची छटा, एक्स्ट्रा भाग, कथा, हे सगळं नंतर. पहिल्या तीनांत नापास झालेली वस्तू पुढे टिकणं कठीण. हे जगजाहीर आहे, गुपित नाही, आणि त्याला महाग एअरब्रशही लागत नाही. सांधा घासायला पॉलिशपेपर लागतो. पंख सरळ बसवायला गोंद वाळेपर्यंत धीर लागतो. ठसा न उठवायला साबण लागतो!

आणि ‘अहो, छंद आहे, एवढं काय मनावर घ्यायचं’ हे मला ऐकवू नका. छंद आहे तोवर कुणीही काही म्हणत नाही. पोराने पहिलं विमान गोंदाने बरबटून आणलं तर मी त्याची पाठ थोपटेन, आणि मनापासून. तुमच्या कपाटात गंजलेलं अ‍ॅल्युमिनियम ठेवा, जांभळं मस्टँग ठेवा, तुमची मर्जी. पण ज्याला यातलं काही कळत नाही अशा माणसाला गाठून, वर ‘प्रोफेशनल’ लिहून चौपट पैसे घेतलेत ना, तिथे छंद संपला. त्या गृहस्थांना मी सगळं दाखवून दिलंय, समोरून, दिव्याखाली, भिंगातून. पैसे परत मागायला सांगितलेत. तुम्ही ते मुकाट्याने परत करा, आणि पुढचं विकायला काढण्याआधी त्यावर प्रायमर मारून एकदा स्वतः बघा.