बन्नीत झाडं लावायला मी पैसे देणार नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, कच्छच्या ओसाड जमिनीवर झाडं लावायची आहेत, वर्गणी द्या. देणाऱ्यांचं मन चांगलं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण मी देणार नाहीये, आणि का ते ग्रुपवर चार ओळीत सांगता येईना म्हणून इथे लिहितेय. जरा लांबेल, पण वाचा.

ज्या कच्छला ओसाड म्हणतात, त्यातलं बन्नी मुळात ओसाड नाहीच. भुजच्या उत्तरेला साधारण २,५०० चौरस किलोमीटरचं गवताचं रान आहे ते, त्याच्या पलीकडे मोठं रण. पाऊस आपल्या बडोद्याच्या एक तृतीयांश, तोही एखाद्या वर्षी तोंडच दाखवत नाही. अशा जागी गवत टिकतं, गवतावर गुरं आणि गुरांवर माणसं. तिथले मालधारी, म्हणजे गुरं पाळून जगणारे जत, मुतवा, हालेपोत्रा आणि अजून कितीतरी जमाती, पिढ्यानपिढ्या असंच जगत आलेत. खोलगट जागी विरडे, म्हणजे उथळ विहिरी, खणायचे आणि खाऱ्या पाण्याच्या वर साठलेलं पावसाचं गोडं पाणी तेवढं अलगद काढून घ्यायचं, हे त्यांना येतं. पूर्वी दुष्काळ पडला की गुरं घेऊन सिंधमध्ये उतरायचे, फाळणीनंतर ती वाट गेली.

आणि झाडं लावायचा प्रयोग तिथे ऑलरेडी झालाय! १९६० च्या सुमारास रणातला खार पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने वेडी बाभूळ लावली, तिकडे गांडो बावळ म्हणतात तीच. तिच्या शेंगा गोड असतात, गुरं आवडीने खातात, पण आतलं बी पचत नाही, ते शेणातून बाहेर पडतं आणि जिथे गुरं फिरतील तिथे खतासकट पेरणी होते. वरून तोडली तर बुडातून दुप्पट फुटते. त्यात डोंगरातून उत्तरेला वाहणाऱ्या नद्यांवर रुद्रमाता, निरोणा अशी धरणं झाली, त्यामुळे बन्नीतला खार धुऊन नेणारं पुराचं पाणी कमी झालं. खार वाढला, गवत हटलं, बाभूळ पसरली. मग दोष कुणाला, तर म्हणे मालधारींची गुरं फार चरतात. हे मला अजिबात पटत नाही, गुरं तर तिथे कित्येक शतकं चरतायत.

माझे मेहुणे भुजला नोकरीला होते तेव्हा त्यांच्यासोबत बन्नीत एका घरी राहणं झालं. संध्याकाळी दूध काढलं आणि म्हशी सोडून दिल्या, मागे कोणी गेलंच नाही. मी विचारलं रात्री कोण सांभाळणार, तर घरातले आजोबा म्हणाले, "बेन, त्यांना रस्ता माहीत आहे." रात्रभर चरून पहाटे त्या आपल्या आपण दारात, कासा भरलेल्या. या बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, आणि ती जात मालधारींनीच निवडून निवडून घडवलेली आहे. त्याच आजोबांनी मग गोठ्यातल्या एकुलत्या एक कांकरेज गायीचा पाय उचलून दाखवला, खुरात काटा रुतून जखम चिघळलेली होती. त्यांच्या वडिलांकडे म्हणे सगळ्या गायीच होत्या. पण गायींना शेंगा सोसत नाहीत, पोट गच्च होतं, म्हैस त्यातल्या त्यात तग धरते, म्हणून घरोघरी गायी कमी होत गेल्या आणि म्हशी वाढल्या. एका झाडापायी अख्ख्या मुलखाचं पशुधन बदललं, आणि आपण इथे बसून अजून रोपं पाठवणार?

आपल्यातले कितीतरी जण रण उत्सवाला जातात. तो भरतो त्या धोर्डोपर्यंत जाताना दोन्ही बाजूला जी हिरवी झाडी लागते तिचे फोटो टाकतात, "कच्छ किती ग्रीन झालंय". अहो ती हीच बाभूळ आहे, तिच्याखाली गवताची काडी नाही!

मग सगळी उपटून टाकायची का, असं कोणी विचारेल. तेही इतकं सोपं नाही. २००४ मध्ये बाभळीचा कोळसा पाडायला परवानगी मिळाली, पुष्कळ बाभूळ निघाली, मग २००८ मध्ये ती परवानगी बंद केली. तरी कोळशावर आता कित्येक गरीब घरांची चूल चालते, त्यांना वाऱ्यावर सोडून कसं चालेल? काढायची तर मुळासकट, तुकड्या-तुकड्याने, आणि मोकळ्या झालेल्या जागी गवत धरेपर्यंत गुरं लांब ठेवून. कुठला तुकडा आधी आणि कुठला नंतर, हे तिथल्या माणसांनीच ठरवायला पाहिजे, कारण कुठे गोडं पाणी साठतं आणि कुठे खार वर येतो हे त्यांना पायाखालच्या वाटेसारखं माहीत आहे. १९५५ पासून कागदोपत्री बन्नी संरक्षित वन आहे, आणि २००६ चा वनहक्क कायदा येऊनही मालधारींना सामूहिक हक्कासाठी भांडावं लागलं. तेही आपली जमीन वाटून घ्यायला नाही, सगळ्यांची चराई एकत्र राहावी म्हणून! २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टाने, त्यांची बाजू घेतली आणि कुरणात कुंपणं घालून केलेली शेतीची अतिक्रमणं काढायला सांगितलं.

म्हणून ग्रुपवर ज्यांनी मेसेज टाकलाय त्यांना विनंती, वर्गणी गोळा करण्याआधी एवढं विचारा की रोपं नेमकी कुठे लागणार, कुठल्या जातीची, आणि त्या गावच्या मालधारींना कोणी विचारलंय का. बन्नीत असेल तर कृपा करून थांबवा. झाडंच लावायची असतील तर आपल्या विश्वामित्री नदीच्या काठाला चला, मी स्वतः येते, पैसेही देते.