तांबड्या रश्शाची पारख करणारी जीभ पेल्यापाशी गप्प का होते?

कोल्हापूरच्या माणसाला रश्शाचा एक भुरका पुरतो. कांदा-लसूण मसाला यंदाचा आहे की गतसालचा, खोबरे जास्त भाजले गेले आहे का, मटण कोवळे होते की जून, हे तो तेवढ्यावर सांगतो आणि त्यासाठी तासभर वाद घालायलाही तयार असतो. मद्याच्या पेल्यापाशी मात्र हीच जीभ गप्प होते आणि प्रश्न उरतो तो एकच, ‘चढते का?’ गेली काही वर्षे मी वाईन, कॉकटेल आणि क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या भट्टीत बनवलेली बिअर, थोड्या प्रमाणात, चव घेत आणि वहीत टिपणे करत पितो आहे. या दोषाचे मूळ आपल्यापुढे वर्षानुवर्षे ठेवल्या गेलेल्या मद्यात आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

आपल्या देशात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त मद्याचा पाया साखर कारखान्यातल्या मळीपासून काढलेला स्पिरिट हा असतो. हा स्पिरिट जवळजवळ 96 टक्के शुद्धतेपर्यंत ऊर्ध्वपातित केला जातो, तेव्हा त्यात उसाचा वास किंवा मातीची खूण काहीही शिल्लक राहत नाही. मग त्यात थोडे माल्ट, रंग आणि सुगंध मिसळून बाटली भरली जाते. युरोपीय संघात अशा पेयाला व्हिस्की म्हणता येत नाही, कारण तिथे व्हिस्की धान्यापासूनच व्हावी लागते. ज्यात रेंगाळण्यासारखी चवच ठेवलेली नाही ते माणूस घटाघटा पिणार, हे ओघानेच आले. उलट कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर मळीऐवजी ताज्या उसाच्या रसापासून रम काढतात आणि हिरव्या उसाचा गंध ही तिची ओळख मानली जाते. उसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या मला हे वाचून हळहळ वाटली होती.

वाईनच्या बाबतीत पहिली चूक माझीच होती. मटणाला रेड वाईन लागते, हे कुठेतरी वाचून मी तांबड्या रश्शासोबत शिराझ घेतली आणि तोंडात अक्षरशः जाळ झाला. मिरचीच्या तिखटावर टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून वाईनमध्ये उतरणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा आणि वाढीव अल्कोहोल आले की आग वाढते, हे मला त्या रात्री कळले. त्याच रश्शासोबत किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन गार करून घेतली, तर जिभेला थारा मिळतो आणि मसालाही वेगवेगळा कळतो. एकदा ऐन मे महिन्यात एका हॉटेलात आम्हाला केव्हा उघडली कोण जाणे अशा बाटलीतली, कोमट झालेली रेड वाईन देण्यात आली आणि सोबतच्या मित्रांनी वाईन म्हणजे आंबट पाणी, असा निकाल देऊन टाकला. रेड वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हा नियम युरोपातल्या 16 ते 18 अंशांच्या खोल्यांचा आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय उघडू नये. नाशिकचा शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी अशी वेलीची दोनदा छाटणी करतो आणि युरोपात वेली झोपलेल्या असताना, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, द्राक्षे उतरवतो. त्या मेहनतीचा निकाल एका नासलेल्या पेल्यावरून लावणे मला अन्यायाचे वाटते.

क्राफ्ट बिअरची चटक मला पुण्याने लावली. तिथे 2009 साली डूलाली ही जागेवरच बिअर बनवणारी छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि ताजी, न गाळलेली बिअर म्हणजे काय हे आपल्या भागातल्या माणसांना जवळच कळू लागले. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळेही नसते आणि लवंगही नसते, तो सगळा यीस्टचा प्रताप असतो. पांढऱ्या रश्शातली लवंग आणि नारळाचे दूध यांच्याशी या बिअरचे इतके जमते, की मला त्याहून चांगली जोडी अजून सापडलेली नाही. आयपीए (इंडिया पेल एल) ही कडवट बिअर मात्र तांबड्याजवळ आणू नये, तिखट आणखी चावते.

कॉकटेलबद्दल आपल्याकडे रंगीत सरबत असा समज आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने 1806 साली कॉकटेलची व्याख्या दिली होती: स्पिरिट, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे थेंबांनी घालायचा कडू अर्क. ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचे कॉकटेल आजही जवळजवळ तेवढ्यावरच उभे आहे. क्युबातले डायकिरी तर त्याहून साधे, म्हणजे पांढरी रम, लिंबाचा रस आणि साखर. इथे मी साखरेऐवजी आपली काकवी वापरतो. काकवीत तेवढेच गरम पाणी मिसळून पाक पातळ करायचा, 60 मिली रमला 25 मिली लिंबाचा रस आणि 15 मिली हा पाक घालायचा, बर्फासोबत जोराने हलवायचे आणि गाळून घ्यायचे. डिस्टिलरीत हरवलेला उसाचा गंध अशा पेल्यात परत येतो, आणि तो ओळखायला कोल्हापुरी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. वाईनला आंबट पाणी म्हणणाऱ्या त्याच मित्रांना मी हे दिले, तेव्हा एकाने पेला नाकाशी नेला, थांबला आणि विचारले, ‘हे गुऱ्हाळावरचं काय आहे यात?’ त्या संध्याकाळी प्रत्येकाने एकच पेला घेतला आणि दोन तास बोलणे काकवीवर, कोणत्या गावची दाट आणि कोणाची करपट यावर चालले.